कॉम्प्युटर जुना नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे

दाखल्यांच्या हंगामात ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपल्या कानांच्या सवयीचं झालंय. आता त्याच्या जोडीला दुसरं आलंय : ‘हे सॉफ्टवेअर ह्या कॉम्प्युटरवर चालत नाही. कॉम्प्युटर जुना झालाय.’ पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, केंद्र चालवणारा पोरगा खांदे उडवतो आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी राधानगरी, गगनबावड्याहून आलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून परत एसटी धरतो. त्याचा दिवस गेला, मजुरी बुडाली. केंद्रवाल्याला मात्र वाटतं, आता तीस-पस्तीस हजारांचा नवा कॉम्प्युटर घ्यायलाच पाहिजे.

बऱ्याच वेळा पाहिजे नसतो. ही पोस्ट त्यासाठीच आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण पैसा आणि वेळ आपला जातोय, म्हणून समजून घेऊ.

३२ बिट आणि ६४ बिट हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. कॉम्प्युटरच्या मेमरीत कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला पत्ता लागतो. ३२ बिटांत मावतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते, म्हणजे ४ जीबी. त्यापुढं पत्तेच संपतात. म्हणून ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ४ जीबी रॅम घातली तरी ‘वापरण्याजोगी ३.२५ जीबी’ असं काहीतरी दिसतं. उरलेले पत्ते ग्राफिक कार्ड वगैरे सामानाला गेलेले असतात. दुकानदारानं फसवलं नव्हतं, पत्तेच कमी पडले होते.

२००३ साली एएमडी कंपनीनं घरगुती कॉम्प्युटरसाठी ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. इंटेलनंही पुढं तीच पद्धत उचलली. गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडं विकले गेलेले बहुतेक डेस्कटॉप ६४ बिटांचेच आहेत. पण त्यांच्यात विंडोज कुठली घातली? जी सीडी हाताशी होती ती, किंवा जुना प्रिंटर-स्कॅनर चालावा म्हणून मुद्दाम ३२ बिटांची. म्हणजे यंत्र ६४ चं, विंडोज ३२ ची. आणि वर जो प्रोग्रॅम टाकला तो तिसराच. प्रोसेसर, विंडोज आणि प्रोग्रॅम ही तीन वेगळी माणसं आहेत. एकाचं वय विचारून तिघांच्या नावावर लिहिता येत नाही.

सॉफ्टवेअर बनवणारे नेमकं हेच करतात. सुरू होताना प्रोग्रॅमनं तपासायचं असतं की मी कुठल्या यंत्रावर आहे. सोपा मार्ग म्हणजे स्वतःच्याच पत्त्याची लांबी मोजायची. चार बाइट आली तर ३२ बिट, आठ आली तर ६४. पण हे माप प्रोग्रॅमचं स्वतःचं झालं, यंत्राचं नव्हे. ३२ बिटांत तयार केलेला प्रोग्रॅम नव्याकोऱ्या ६४ बिटांच्या यंत्रावरही चारच सांगणार. खासबागचं मैदान किती मोठं आहे म्हणून विचारावं आणि पैलवानानं आपलं वजन सांगावं, तशातली गत.

बरं, विंडोजला विचारावं तर तीही सांभाळून बोलते. जुने प्रोग्रॅम बिनबोभाट चालावेत म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ‘वॉव६४’ नावाची सोय आहे. तिच्यात बसलेल्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण जुन्या ३२ बिटांच्या घरातच आहोत. ‘प्रोसेसर आर्किटेक्चर काय?’ असं त्यानं विचारलं की उत्तर येतं ‘एक्स८६’, म्हणजे जुनं. खरं उत्तर शेजारच्या दुसऱ्याच नोंदीत असतं. गंमत अशी की ते खरं उत्तर ‘एएमडी६४’ असं येतं, मग आत प्रोसेसर इंटेलचा असला तरी! ज्यानं पद्धत आणली त्याचं नाव चिकटलं, एवढंच. हे वाचून कुणी दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

अजून एक. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फायली असतात आणि ‘सिसवॉव६४’ ह्या फोल्डरात ३२ बिटांच्या. वाचताना चूक झाली असं वाटेल, पण खरंच तसं आहे. सिस्टम३२ हे नाव हजारो प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेलं होतं, ते बदललं असतं तर सगळे पडले असते. त्यामुळं फोल्डरच्या नावावरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम हमखास आपटतो.

ब्राउझरमधून तपासायचं म्हटलं तर अजून अवघड. खासगीपणा जपण्यासाठी क्रोम आता विंडोजवरून सगळ्यांना एकच ठराविक उत्तर देतो : विंडोज १०, ६४ बिट. खरं यंत्र ३२ चं असलं तरी तेच, विंडोज ११ असली तरी तेच. त्या ओळीवर विसंबून कुठलं पोर्टल ‘चालेल’, ‘चालणार नाही’ ठरवत असेल, तर तो निव्वळ अंदाजपंचे कारभार.

मग योग्य मार्ग आहे का? आहे, आणि तो काही गुपित नाही. ‘ह्या घराच्या खाली खरं यंत्र कुठलं?’ असं विंडोजला थेट विचारण्याची वेगळी सोय मायक्रोसॉफ्टनं कधीच दिलेली आहे, तिची माहितीही उघड आहे. दोन-चार ओळींचं काम. ते न करता ‘कॉम्प्युटर बदला’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे, आणि त्याचं बिल लोकांच्या नावावर फाडलं जातंय.

दुसरी बाजूही सांगतो. काही ठिकाणी अडचण खरीच असते. ६४ बिटांच्या विंडोजला ३२ बिटांचे ड्रायव्हर चालत नाहीत, अन् १६ बिटांचे अगदी जुने प्रोग्रॅम तर अजिबातच नाहीत. छापखान्यातल्या जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा, फॉन्टच्या डोंगलसाठी एक जुना डबा का सांभाळून ठेवलाय ते. उद्यमनगर, शिरोलीत जुन्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर मालक बदलू देत नाही, त्यामागं बहुतेक हेच कारण असतं. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सरकारी कामात लोकांचे आधार, बँक तपशील हाताळायचे तर असुरक्षित यंत्र चालणार नाही, हे मान्यच. नकार द्या, पण कारण खरं सांगा, आणि मराठीत सांगा.

‘प्रोसेसर ६४ चा आहे, विंडोज ३२ ची आहे, विंडोज बदला’ हे एक वाक्य. ‘कॉम्प्युटर जुना आहे’ हे दुसरं. पहिल्याला दुरुस्तीचा खर्च आणि एक दुपार लागते, दुसऱ्याला तीस-पस्तीस हजार. एवढा फरक आहे.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळणं हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. पण मुदत मोजली जाते अर्ज दाखल झाल्यापासून. अर्जच भरता आला नाही, तर तो दिवस कुठल्या हिशोबात धरायचा? तो कुठंच नोंदला जात नाही. म्हणून जिल्हा प्रशासनाकडं तीन साध्या मागण्या :

१. केंद्रात लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला कुठलं यंत्र आणि कुठली विंडोज चालते, हे मराठीत भिंतीवर लावा.

२. सॉफ्टवेअर विकत घेताना अट घाला की यंत्राची तपासणी योग्य पद्धतीनं होईल आणि नकाराचा संदेश मराठीत, कारणासह येईल.

३. नवी खरेदी करण्याआधी आहेत त्या कॉम्प्युटरची एकदा नीट पाहणी करा. किती यंत्रं खरंच बाद आहेत आणि किती नुसती चुकीच्या विंडोजवर चाललीत, ते जाहीर करा.

आणि आपल्यासाठी एक काम. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, मग अबाऊट असं जा. ‘सिस्टम टाइप’ ही ओळ वाचा. तिथं ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम आणि पुढं एक्स६४ प्रोसेसर असं दिसलं, तर यंत्र फेकू नका. आधी सगळ्या फायलींची कॉपी काढून ठेवा, कारण ३२ वरून ६४ वर जाताना विंडोज नव्यानं घालावी लागते. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन ह्यांचे ६४ बिटांचे ड्रायव्हर मिळतात का ते बघा. मगच हात घाला. यंत्र विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स आहे, पण तुमचं काम तिच्यावर भागतं का, तेही आधीच तपासा.

केंद्र चालवणाऱ्या मित्रांनो, तुमच्या ‘सिस्टम टाइप’मध्ये काय दिसतं ते खाली लिहा. जिल्ह्याचा आकडा प्रशासन देईल तेव्हा देईल, आपली यादी आपण आजपासून सुरू करू.