‘कम्प्युटर लाईन’ म्हणजे नेमकी कुठली लाईन?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या शाळेत पालकांची ये-जा असते. कुणाला दाखला हवा, कुणाला बोनाफाइड. या गर्दीत एखादा बाप मुद्दाम मागे रेंगाळतो. सगळे गेले की हळूच पुढे येतो. यंदा असाच एक टेम्पो चालवणारा गृहस्थ मुलीला घेऊन आला. मुलीला ७१ टक्के, गणितात त्याहून बरे. म्हणाला, "आपा, इसको कम्प्युटर लाईन में डालना है."

मी विचारलं, "कौनसी लाईन में, भाई?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "वही, जिसमें नोकरी लगती है."

हसू नका. बारा वर्षांपूर्वी माझं ज्ञानही एवढंच होतं, आणि ते एका मुलाला महागात पडलं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला आम्हाला पाठ कसा घ्यायचा, फळा कसा वापरायचा हे शिकवलं. मुलाला पुढे कुठे पाठवायचं हे कुणी शिकवलं नाही. तरी मोहल्ल्यात शिकलेली बाई म्हणून लोक विचारतात आणि आपणही उत्तर देऊन मोकळे होतो. त्या मुलाच्या अब्बांना मी ठामपणे सांगितलं होतं, कम्प्युटर म्हणजे इंजिनिअरिंग, दुसरं काही नाही. मुलगा हुशार, पण गणितात कच्चा. त्याने अकरावी सायन्स घेतलं, कसाबसा खासगी कॉलेजात लागला, घरच्यांनी सोनं गहाण टाकलं. दुसऱ्या वर्षी गणिताचे विषय राहिले, तिसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं. आज तो मामाच्या दुकानात बसतो. भेटला की अदबीने सलाम करतो, आणि मला मान वर करवत नाही.

त्याच्याच वर्गातला दुसरा एक मुलगा. शेवटच्या बाकावरचा, निबंधात पाच ओळी लिहिणारा. तो दहावीनंतर मोहल्ल्यातल्या केबलवाल्याकडे लागला. गच्च्यांवरून तारा ओढायचा. केबलवाल्याने इंटरनेट द्यायला सुरुवात केली तेव्हा हा फायबर जोडायला शिकला. मग मुक्त शाळेतून बारावी, मग नेटवर्किंगची परीक्षा. आज नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये आहे, रात्रपाळी करतो, बहिणीचं लग्न त्याने केलं. त्याला मी काहीच सल्ला दिला नव्हता. कदाचित म्हणूनच निभावलं.

त्यानंतर मी विचारायला लागले. माजी विद्यार्थ्यांना, त्यांच्या मित्रांना, सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्यांना. जे कळलं ते असं, की आपल्या नजरेला या क्षेत्रातली दोनच माणसं दिसतात. एक हिंजवडीला बसने जाणारा, गळ्यात आयकार्ड घातलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. दुसरा भद्रकालीत मोबाईल उघडून बसलेला, नाहीतर फॉर्म भरून देणारा पोरगा. एक माडीवर, एक ओट्यावर. मधल्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत. आपल्यासारख्या घरातलं मूल वर जाणार ते याच पायऱ्यांनी.

वर्गात मी हे एका चहावरून समजावते. वडाळा नाक्यावर तुम्ही चहा घेतला आणि क्यूआर स्कॅन करून दहा रुपये दिले. दोन-तीन सेकंदांत चहावाल्याच्या डब्याने पैसे आल्याचं ओरडून सांगितलं. या मधल्या क्षणात किती माणसांचं काम होतं? तुमचा फोन कुणीतरी दुरुस्त केलेला. सिग्नल पकडणाऱ्या टॉवरची बॅटरी आणि अँटेना बघणारा टॉवर टेक्निशियन. टॉवरपासून पुढे जमिनीखालून फायबर. काचेचा हा तंतू बाहेरून १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे केसासारखा, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. रस्ता खोदताना जेसीबीने तो तोडला, तर दोन टोकं मशीनमध्ये धरून नेमकी जुळवणारा माणूस लागतो. पुढे राउटर, स्विच. ते बसवणारा नेटवर्क टेक्निशियन आणि कुठे काय बंद पडलं हे रात्रभर पडद्यावर बघणारा ऑपरेटर. मग बँकांचे आणि त्यांच्या मधल्या एनपीसीआयचे सर्व्हर. ते जिथे असतात त्या डेटा सेंटरमध्ये वीज आणि थंडावा अखंड लागतो, म्हणून तिथे इलेक्ट्रिशियन आणि एसीवाल्यालाही किंमत आहे. सर्व्हर सांभाळणारा सिस्टिम अ‍ॅडमिन, हिशेबाचा साठा सांभाळणारा डेटाबेसवाला, चोरावर नजर ठेवणारा सायबर सुरक्षेचा माणूस. अ‍ॅप लिहिणारा डेव्हलपर, त्यातल्या चुका शोधणारा टेस्टर, बटण कुठे असावं हे ठरवणारा डिझायनर. आणि पैसे अडकले तर फोनवर तुमचा राग ऐकून घेणारी मुलगी.

एवढ्यांत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ एकच. बाकीच्यांतल्या निम्म्या कामांना इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा २०२० पासून एकाच पेपरची झाली आहे आणि तिला बसायला पदवीची अट नाही. अर्थात ती इंग्रजीत असते आणि सोपी नसते. आणि हे सगळं मुंबई-पुण्यातच आहे असंही नाही. ईएसडीएस ही डेटा सेंटर चालवणारी कंपनी २००५ पासून आपल्या नाशिकची आहे, सातपूरच्या एमआयडीसीत. द्वारकेवरून तिथे रिक्षाने जाता येतं. आमच्या वर्गातल्या किती मुलांनी तिचं नाव ऐकलं होतं? मी विचारलं तेव्हा एकानेही नाही.

आता वाटा. आयटीआय म्हटलं की आपल्याकडे फिटर-वेल्डरच आठवतो. आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा कम्प्युटरचा ट्रेड आहे आणि माहिती-संप्रेषण यंत्रणेच्या देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. हार्डवेअर आणि नेटवर्क दोन्ही त्यात येतं. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी यादी बघा. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी नाही, तीन वर्षांत डिप्लोमा. सामनगाव रोडला आपलं शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. म्हणजे ज्या माडीवर मी त्या मुलाला दोर टाकून चढवायला निघाले होते, तिला जिना होता. मला माहीत नव्हता.

बीसीएबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यात बरीच मुलं अडकली. २०२४ पासून महाराष्ट्रात बीबीए-बीसीएला सीईटी सक्तीची झाली. बारावीनंतर कॉलेजात जाऊन फी भरली की झालं, हे दिवस गेले. पहिल्या वर्षी आमच्या दोन मुलींना हे जूनमध्ये कळलं.

आणि एमएस-सीआयटी. एमकेसीएलच्या २००१ पासूनच्या प्रवासात या कोर्सने गावोगाव लोकांना माऊस धरायला शिकवलं, त्याबद्दल आदर आहे. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतंही. पण ती साक्षरता आहे, पेशा नाही. ‘बाराखडी आली, आता पत्रकार हो’ असं आपण कुणाला म्हणतो का? तरी पालक सर्टिफिकेट फ्रेम करून म्हणतात, कोर्स करून चार वर्षं झाली, नोकरी नाही. शिवाय ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’चे बोर्ड लावलेले क्लास आहेतच. पैसे देण्याआधी तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन मुलांना भेटायचं आहे असं सांगा. चेहरा बघा काय होतो ते.

आता माझ्या विषयावर येते, कारण इथे मला थोडं अधिकाराने बोलता येतं. ‘उर्दू मीडियमच्या मुलाला कम्प्युटरमध्ये काय मिळणार’ हे मी वीस वर्षं ऐकते आहे. उर्दूची मोठी अडचण नस्तालीक लिपी होती. अक्षरं एकमेकांना तिरकी बिलगून उतरतात, ती टाइपरायटरला कधी जमली नाहीत. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहायचे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालीक’मुळे लाहोरच्या ‘जंग’चं पान संगणकावर जुळलं. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचं ‘इनपेज’ आलं आणि कातिबांची रोजी गेली. काही कातिब घरी बसले, काही कीबोर्ड शिकले. जे शिकले त्यांचं अक्षराचं ज्ञान वाया गेलं नाही. हुनर तेच, अवजार बदललं. केंद्राच्या उर्दू परिषदेने पुढे कम्प्युटर, अकाउंट्स आणि बहुभाषिक डीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा देशभर चालवला. त्यातून बाहेर पडलेली मुलं आज छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत सापडतात.

पण पुढचा धडा आपण घेतला नाही. इनपेजच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नसायच्या, त्यामुळे वर्षानुवर्षांचं उर्दू लिखाण इंटरनेटवर चित्र म्हणून पडून आहे. शोधता येत नाही, भाषांतर होत नाही. आता मशीनला भाषा शिकवण्याचं काम जोरात आहे. सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे. त्यात मराठीही आहे आणि उर्दूही. आवाज तपासायला, मजकूर तपासायला, भाषांतरातली चूक पकडायला भाषा येणारी माणसं लागतात. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही लिप्या सहज वाचणारी मुलं नाशिक-मालेगावच्या उर्दू शाळांत बाकाबाकावर बसली आहेत. वर हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. यातली बरीचशी कामं आज तुटपुंज्या पैशांची आणि कंत्राटी आहेत, हेही सांगते. पण पहिली पायरी म्हणून ती आपल्या मुलांच्या हाताशी आहे, आणि आपणच तिला ओझं समजतो.

इंग्रजीपासून मात्र सुटका नाही. मशीन बिघडलं की त्याचा संदेश इंग्रजीत येतो. म्हणून मी नववीपासूनच मुलांना सेटिंग्ज इंग्रजीत ठेवायला लावते. सुरुवातीला कुरकुरतात.

एआयचं काय, हेही पालक विचारू लागलेत. मोबाईलमध्ये बघतात ना सगळं. साधा कोड लिहिण्याची, साधी डेटा एन्ट्री करण्याची कामं कमी होणार हे उघड आहे, आणि आपली मुलं नेमकी तिथूनच आत शिरतात. म्हणून निव्वळ टायपिंगवर मुलाचं आयुष्य बेतू नका. तुटलेली तार मात्र अजून कुठल्या एआयने जोडलेली नाही, आणि हॉस्पिटलचं नेटवर्क रात्री दोनला बंद पडलं की माणसालाच उठवावं लागतं.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांपुढच्या लोकांत पदवी किंवा डिप्लोमा झालेले देशात सुमारे ७ टक्के, तर मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. हा आकडा आपल्या सभांमधून इतक्या वेळा वाचला गेलाय की तो आता टोचत नाही. मला टोचतो तो दुसरा कागद: जातीचा दाखला. महाराष्ट्रात मोमीन-अन्सारी, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मणियार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत आहेत. २०२४ च्या निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी घरातल्या मुलीला केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. निकाल लागल्यावर आपण धावतो, तेव्हा आजोबांची शाळा आठवत नसते आणि फॉर्मची मुदत चार दिवसांवर असते. मूल सातवीत असतानाच हा कागद शोधायला घ्या. ‘इस्लाम में जात कहाँ’ हे वाक्य मशिदीत बरोबर आहे, प्रवेशाच्या खिडकीवर त्याने फी भरली जात नाही.

त्या टेम्पोवाल्या भाईंना मी हेच विचारलं, "तुमच्या वालिदांची शाळा कुठली?" ते मूळचे मालेगावचे, घराणं मागावरचं. म्हणाले, अब्बा तिसरी-चौथीपर्यंत गेले होते म्हणतात, त्याला आता साठ-पासष्ट वर्षं झाली. पुढच्याच दिवशी टेम्पोला सुट्टी देऊन ते मालेगावला गेले. दोन दिवस तिथल्या शाळेत रजिस्टरं उपसली. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. पान कडेने कुरतडलेलं, शाई उडालेली, नोंद उर्दूत. "आपा, इसमें क्या लिखा है, पढ़ के बताओ."

मी चष्मा लावून फोटो मोठा करत गेले. वडिलांचं नाव जुळलं. सन १९५८. त्याच्या पुढच्या रकान्यात, नुक्ता पुसट झालेला पण शब्द स्पष्ट: मोमीन.

अधिकृत भाषांतर करून घ्यायला त्यांना पाठवलं आहे. पडताळणीचा अर्ज गेलाय, पॉलिटेक्निकचा फॉर्म भरलाय, पहिल्या पसंतीला मुलीने स्वतः ‘माहिती तंत्रज्ञान’ टाकलं. यादी अजून लागायची आहे.