लहरीवर प्रसूतीची तारीख नको

गर्भाच्या फुप्फुसातील ऊतींची हालचाल सोनोग्राफीने मोजण्याचे संशोधन स्वागतार्हच आहे. पण त्या आकड्यावर प्रसूतीची तारीख ठरवण्याची घाई मान्य होण्याजोगी नाही.

गर्भाचे फुप्फुस हवेने नव्हे, द्रवाने भरलेले असते आणि शेजारच्या हृदयाचा प्रत्येक ठोका त्याला हलकासा धक्का देतो. हृदयालगतची ऊती किती हलली, जरा दूरची किती, यावरून फुप्फुसाच्या लवचीकतेचा अंदाज बांधला जातो. गर्भजल काढण्यासाठी पोटात सुई न घालता फुप्फुसाची परिपक्वता कळावी, ही अपेक्षा रास्तच. अडचण अशी की आईचा श्वास, बाळाने बदललेली कूस, प्रोब धरणारा हात, सारेच त्या हालचालीच्या लहरीत मिसळते.

चुकीच्या आकड्याची किंमत बाळ मोजते. वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट हे द्रव्य पुरेसे नसेल तर श्वास सोडताना वायुकोश मिटतात. मग कृत्रिम श्वासाचे यंत्र आणि काचेची पेटी. हा धोका कमी करायला, चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूतीची शक्यता असल्यास आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याचा सिद्ध उपाय हाताशी आहेच.

ही मोजणी अनेक रुग्णालयांत जन्मानंतरच्या प्रत्यक्ष श्वसनाशी ताडून पाहिली जावी. तोवर आरोग्य खात्याने ती सोनोग्राफीच्या अहवालात निदान म्हणून छापू देऊ नये.