लहान जमीन व मोठा ट्रॅक्टर

लहान शेतकऱ्यानें ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा, हा प्रश्न आपल्या सभासदांत वारंवार निघतो. आणि बहुधा शेजाऱ्याच्या अंगणांतील ट्रॅक्टर पाहून त्याचा निकाल लावला जातो. आमचे मतें ही रीत घातक आहे.

आपल्या मालाडशेजारीं कांदिवलीस महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यानें १९६३ पासून ट्रॅक्टरचा उद्योग उभा राहिला. तेथील ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर देशांतील विस्तीर्ण, सपाट शेतांस शोभला. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. मढ, एरंगळ व मनोरी या बाजूस जीं थोडीं खाचरें उरलीं आहेत, तीं तर याहूनही तोकडीं.

आमची नोकरी सातबाऱ्याच्या नोंदींत गेली. त्या अनुभवावरून सांगतों कीं, उताऱ्यावरील एकूण क्षेत्रावर भिस्त ठेवूं नये. त्यांतून पोटखराबा वजा करावा, आपला हिस्सा काढावा, आणि उरलेली जमीन किती तुकड्यांत आहे तें पाहावें. दोन एकरांचीं आठ खाचरें असल्यास एक खाचर १० गुंठ्यांचें, म्हणजे चौरस धरिल्यास बाजू सुमारें १०४ फूट होते. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा वेळ तेथें वळण्यांतच जातो. कोपरे कुदळीसाठीं राहतात, सुमारें दोन टनांच्या वजनाखालीं बांध ढासळतात, आणि चिखलणीचे वेळीं चाकें रुततात.

आतां कामाचा हिशेब पाहूं. तीन फुटी रोटाव्हेटर ताशीं तीन किलोमीटर चालला व वळणांत तीस टक्के वेळ गेला, तर तासास सुमारें १९ गुंठे होतात. दोन एकरांस दोन फेर देण्यास साडेआठ तास पुरतात. भातामागून भाजीपाला घेतला तरी वर्षाचे सतरा तास. एवढ्यास १५ ते २० अश्वशक्ति पुरून उरते. पाणी भरलेल्या खाचरांत तर १२-१३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर अधिक सोयीचा.

कोणी म्हणतील, मोठा ट्रॅक्टर भाड्यानें देऊन पैसा सुटेल. परंतु इकडे शेतें थोडीं, आणि पावसाच्या त्याच पंधरवड्यांत सर्वांची घाई. पुढें तो ट्रॅक्टर उभा राहतो, हप्ता मात्र थांबत नाहीं. जमीन तारण दिली असल्यास कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. हप्ते थकले म्हणजे यंत्रापाठोपाठ जमीनही संकटांत येते. आणि उपनगरांतील जमीन एकदां हातची गेली कीं तीवर इमारत उभी राहते, नांगर पुन्हां चालत नाहीं.

सबब आमची सूचना अशी. ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे त्यानें एकट्यानें ट्रॅक्टर घेऊं नये. दहा-बारा खातेदारांनीं मिळून एक लहान ट्रॅक्टर व एक टिलर ठेवावा, म्हणजे यंत्रास वर्षाकाठीं दोनशें तासांचें काम मिळेल. २०१४-१५ सालीं सुरूं झालेल्या केंद्राच्या कृषि यांत्रिकीकरण उपअभियानांत अशा अवजार बँकांस अनुदानाची तरतूद केलेली आहे. मनोरी खाडीपलीकडे असल्यानें तिकडील व्यवस्था निराळी असावी. पाळी कोणाची प्रथम, हें पावसापूर्वींच वहींत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. नाहींतर पहिल्या सरीबरोबर तंटा उभा राहील. सभासद बंधूंनीं याचा विचार येत्या ज्येष्ठापूर्वीं करावा, अशी विनंती आहे.