विश्लेषण : नकाशावर जवळचा सर्व्हर मोबाइलला लांब का पडतो?

१२ सप्टेंबर २०२५च्या रात्री एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी वाहतुकीला बंद झाला. परळ आणि प्रभादेवी यांच्यातले नकाशावरचे अंतर त्या रात्री इंचभरही वाढले नाही. पण परळहून गाडीने प्रभादेवीला निघालेल्याला दादरचा टिळक पूल नाहीतर करी रोडचा पूल गाठावा लागला. रुळांपलीकडची इमारत डोळ्यांना दिसते, तिथे पोहोचायला मात्र वळसा पडतो. संकेतस्थळांची वाहतूक 'जवळच्या' सर्व्हरकडे वळवणाऱ्या क्लाऊड सॉफ्टवेअरबाबत नेमके हेच घडू शकते. तरीही 'आमचा सर्व्हर तुमच्या सर्वांत जवळ आहे' एवढ्या वाक्यावर सेवा विकल्या जातात आणि विकतही घेतल्या जातात.

'जवळ' कोण ठरवते?

मोबाइलवर एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले, की फोन आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. हे काम डीएनएसचे. संकेतस्थळाचे सर्व्हर एकाहून अधिक शहरांत असतील, तर विचारणारा कुठला आहे हे पाहून डीएनएस वेगवेगळे उत्तर देऊ शकते. अ‍ॅमेझॉनने मुंबईतील क्लाऊड केंद्रे २०१६ मध्ये आणि हैदराबादची २०२२ मध्ये सुरू केली. दोन्हीकडे सर्व्हर ठेवणाऱ्या कंपनीला अ‍ॅमेझॉनच्या 'रूट ५३' या डीएनएस सेवेत भौगोलिक जवळिकीचा नियम लावता येतो. विचारणाऱ्यापासून जे केंद्र कमी अंतरावर, तिकडे त्याला पाठवायचे.

लालबाग, गिरगावच्या ग्राहकाचा प्रश्न सोपा आहे. मुंबई दाराशी, हैदराबाद सहाशेहून अधिक किलोमीटरवर. गंमत सोलापूरला होते. सरळ रेषेत सोलापूरहून मुंबई सुमारे ३५५ किलोमीटर, हैदराबाद सुमारे २७५. म्हणजे नियमाप्रमाणे सोलापूरकर हैदराबादला जाणार. पण त्याच्या मोबाइल कंपनीची वाहिनी पुण्यावरून मुंबईला जात असेल, तर त्याची मागणी आधी मुंबईला येईल आणि तिथून हैदराबादला. सॉफ्टवेअरच्या लेखी तो जवळच्या दाराशी उभा आहे. प्रत्यक्षात त्याने टिळक पुलाचा वळसा घेतलेला असतो.

यावर 'बायस' नावाची सोय आहे. उणे ९९ ते अधिक ९९ यांमधला एक आकडा द्यायचा. मुंबईला अधिक ३० दिले, तर मुंबईपर्यंतचे प्रत्येक अंतर ३० टक्क्यांनी कमी धरले जाते. सोलापूरचे ३५५ मग २५०च्या आत येतात आणि सोलापूरकर मुंबईकडे वळतो. हा आकडा कुणी ठरवायचा? तो सॉफ्टवेअर सुचवत नाही. ज्याला ग्राहकांच्या वाहिन्या कुठून जातात हे ठाऊक आहे, त्यानेच तो ठरवायचा असतो. बहुतेक ठिकाणी ही मोजणी कुणी करत नाही, खरी अडचण ती आहे.

गणेशोत्सवात काय होईल?

लालबागमधल्या एखाद्या मंडळाने थेट दर्शनाचे पान सुरू केले आणि मुंबईचा सर्व्हर दमला, तर हैदराबादचा बायस वाढवून गर्दी तिकडे सरकवावी, असे कुणालाही वाटेल. तो मार्ग फसवा आहे. बायसने नकाशावरची सीमारेषा सरकते, गर्दी मोजली जात नाही. आकडा वाढवताना आधी सीमारेषेजवळचे लोक सुटतील, मग पुण्याचे. खरी झुंबड असते दादर, परळ, गिरगावातली. ती अगदी टोकाच्या आकड्यापर्यंत जागची हलणार नाही आणि हलली तर निम्मी इकडे, निम्मी तिकडे अशी न होता एकदम हलेल. ओझे वाटायचे असेल तर टक्केवारीने वाटणारा वेगळा नियम लागतो. रांगेचे नियोजन जाणणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हा फरक कळेल.

अंतराचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद फेरीला त्या हिशेबाने सहा-सात सहस्रांश सेकंद, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या फेरीला किमान सव्वाशेच्या वर. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. प्रभादेवीच्या लोकमान्य विदेश संचार भवनाने समुद्राखालच्या केबलचा काळ पाहिला आहे. त्या काळात दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी असेल, तर दादरहून गिरगावला पाठवलेला ई-मेलसुद्धा परदेशी जाऊन परत येऊ शकत असे. देशातली वाहतूक देशातच एकमेकांना देता यावी म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' स्थापन झाले. तेव्हाही दोष अंतराचा नव्हता, मधल्या पुलाचा होता.

फोनच चुकीचा पत्ता सांगतो का?

अनेकदा. डीएनएसला बहुधा फोन दिसत नाही, फोनच्या वतीने विचारणारा मध्यस्थ दिसतो. तो मोबाइल कंपनीचा असेल, तर दुसऱ्या शहरातही असू शकतो. अशा वेळी गिरगावातला ग्राहक सॉफ्टवेअरला चेन्नईचा वाटेल. मध्यस्थाने ग्राहकाच्या जाळ्याचा ढोबळ पत्ता पुढे कळवण्याची पद्धत आहे. गुगलची ८.८.८.८ ही सेवा ती पाळते. क्लाऊडफ्लेअरची १.१.१.१ खासगीपणाच्या कारणाने पाळत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमधला 'प्रायव्हेट डीएनएस' बदलल्यावर एखादे पान अचानक जलद किंवा मंद झाले, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

म्हणूनच रुग्णालयाच्या नोंदणीचे, परीक्षेच्या निकालाचे किंवा पाणीपट्टीचे पान चालवण्याची निविदा काढणाऱ्याने 'सर्व्हर कुठे' एवढेच विचारणे पुरेसे नाही. परळच्या आणि नांदेडच्या चार वेगवेगळ्या सिमकार्डांवर पान किती वेळात उघडते, याचे मोजमाप मागावे. ते स्वस्त आहे आणि लगेच होते.

दुसरा प्रश्न मुंबई बंद पडली तर, हा. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी वीजजाळे कोसळले आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. जवळचा सर्व्हर ग्राहकाच्याच संकटात सापडू शकतो. अशा वेळी डीएनएसने त्याला वगळून हैदराबादचा पत्ता द्यायला हवा. पण त्यासाठी सर्व्हरच्या तब्येतीची स्वयंचलित तपासणी जोडलेली असावी लागते आणि ती विसरणे फार सोपे आहे. शिवाय जुने उत्तर मध्यस्थाकडे किती वेळ साठवायचे, तेही कंपनीच ठरवते. तो आकडा ३०० सेकंद असेल, तर सगळे सुरळीत असूनही पाच मिनिटांपर्यंत फोन बंद दारच ठोठावत राहतो.