या हंगामात बॉक्स लावू नका

पाऊस ओसरू लागला की आपल्याकडे धुऊन वाळवलेले अंडी घालण्याचे बॉक्स पुन्हा पिंजऱ्यांना लागतात. यंदा ते माळ्यावरच राहू द्यावेत, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे संपादकीय लिहीत आहोत.

गेले काही महिने वाचकांची जी पत्रे येत आहेत, त्यांत म्युटेशन किंवा हँडफीडचे प्रश्न कमी झाले आहेत. पत्रामागून पत्र एकच विचारते आहे : पक्षी कमी करायचे आहेत, कसे करू? कुणाला गुडघ्यांमुळे दिवसातून दोनदा गच्चीचा जिना चढवत नाही. कुणाचा मुलगा शिकायला परगावी गेला आणि चौदा पिंजरे आईच्या गळ्यात पडले. कुणाच्या सोसायटीने सनकनूरच्या आवाजावरून नोटीस दिली आहे. आणि बऱ्याच जणांचे दुखणे सरळ पैशाचे आहे. ग्रीन चीक कनूरच्या पिलाला गिऱ्हाईक नाही, आणि सूर्यफूल, करडई, राळा यांचा खर्च मात्र थांबत नाही.

हा भाव आपणच पाडला आहे. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या माणसांना हातावर बसणारा पक्षी हवा होता आणि पिले हातोहात जात होती. तेव्हा ज्याच्याकडे दोन जोड्या होत्या त्याने आठ केल्या, ज्याच्याकडे आठ होत्या त्याने गॅलरी जाळीने बंद करून घेतली. मागणी ओसरली तरी बॉक्स उतरले नाहीत. ग्रीन चीकचा पायनापल रंग विकला गेला नाही म्हणून कुणी आणखी महागाचे म्युटेशन आणले, तेही पुढच्या हंगामात स्वस्त झाले. ही माळ आता तोडायला हवी.

पण पक्षी कमी करायला निघालेला प्रामाणिक पालक ज्या भिंतीवर आदळतो, तिच्याबद्दल आधी बोलले पाहिजे.

जून २०२० मध्ये केंद्राने ऐच्छिक घोषणेची सवलत दिली. कागदपत्रे न मागता, आहेत ते विदेशी पक्षी जाहीर करा, असे ते आवाहन होते. पुढे वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जाती अनुसूची ४ मध्ये आल्या, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. जन्म, हस्तांतरण, मृत्यू, सगळे कळवायचे. तत्त्व म्हणून आमचा याला पूर्ण पाठिंबा आहे. चोरट्या मार्गाने आलेले मकाव आणि आफ्रिकन ग्रे आपल्याच बाजारात विकले गेले आहेत, त्यामुळे नोंदणी नको असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण ही सारी व्यवस्था पक्षी नावावर चढवण्यासाठी बांधलेली दिसते. तो उतरवायची वेळ आली की कुणाकडेच उत्तर नसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाचकाने लिहिले आहे की त्यांनी ग्रीन चीकच्या तीन जोड्या मित्राला विनामूल्य द्यायचे ठरवले. देणारा एका जिल्ह्यातला, घेणारा दुसऱ्यातला. एका कार्यालयाने सांगितले, घेणाऱ्याने आधी अर्ज करावा. दुसऱ्याने सांगितले, देणाऱ्याची नोंद कमी झाल्याशिवाय घेणाऱ्याचा अर्ज पुढे सरकणार नाही. पत्र लिहीपर्यंत पक्षी जुन्याच पिंजऱ्यात होते आणि मधल्या काळात त्यातल्या एका जोडीने चार अंडी घातली होती.

मृत्यूची कथा याहून वाईट. सत्तर ग्रॅमचा पक्षी मेल्यावर नोंद काढायला गेलेल्यांकडे शवविच्छेदनाचा अहवाल मागितल्याचे अनेकांनी कळवले आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना कोंबडी उघडून बघण्याचा सराव असतो, कनूर त्यांनी टेबलावर घेतलेलाच नसतो. शहर गाठेपर्यंत उन्हाळ्यात मृतदेह कुजतो. (अशा वेळी पक्षी फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते. पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी न्या.) अहवाल मिळाला नाही की मेलेला पक्षी कागदावर जिवंत राहतो, आणि उद्या तपासणी आली तर तो कुठे आहे हे मालकाने सांगायचे.

या भीतीतून काय घडते पाहा. २०२० मध्ये काहींनी पुढच्या पिलांची सोय म्हणून हातात होते त्यापेक्षा जास्त पक्षी जाहीर केले होते. ते चूकच होते. आता आकडा जुळावा म्हणून ही मंडळी बिनकागदाचे पक्षी विकत आणून पिंजरे भरत आहेत. चोरटा व्यापार थांबवण्यासाठी केलेल्या नोंदवहीमुळे चोरट्या पक्ष्याला गिऱ्हाईक मिळते आहे.

लव्हबर्डचा गोंधळ वेगळाच. पीचफेस साइटिसच्या यादीत नाही, तशाच बजी आणि कॉकाटीलही नाहीत. फिशर आणि मास्क्ड मात्र आहेत. दुकानदार, गिऱ्हाईक आणि कार्यालयातला बाबू तिघेही पीचफेस, फिशर, मास्क्ड या सगळ्यांना ‘लव्हबर्ड’ एवढेच म्हणतात. म्हणून एका कार्यालयात फिशरवाल्याला ‘तुम्हाला नोंदणी लागत नाही’ म्हणून परत पाठवले जाते आणि दुसरीकडे पीचफेसवाल्याला दंडाची भीती घातली जाते. फिशर आणि पीचफेसच्या संकराचे काय करायचे, हे तर कुणालाच सांगता येत नाही. यादीतल्या जातींची मराठीत, छायाचित्रांसह एक पुस्तिका छापून प्रत्येक वनपरिक्षेत्रात ठेवायला किती खर्च येईल?

वनविभागाकडे आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. राज्यातल्या राज्यात विनामूल्य हस्तांतरणासाठी देणारा आणि घेणारा यांचा एकच संयुक्त अर्ज असावा. छोट्या पक्ष्यांच्या मृत्यूसाठी रिंग दिसेल असे छायाचित्र आणि नोंदणीकृत पशुवैद्याचा साधा दाखला पुरावा. आणि ज्याला पक्षी सांभाळणे खरोखर अशक्य झाले आहे त्याने ते सन्मानाने सुपूर्द करावेत, अशी किमान एक जागा प्रत्येक वनवृत्तात हवी. आज अशा माणसाला ‘तुम्हीच कुणीतरी बघा’ असे तोंडी उत्तर मिळते, आणि तोंडी उत्तराची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

आता आपल्याविषयी. नोंदणीची सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ अखेरीस संपली, तरी ‘बघू, अजून कुणी विचारले नाही’ म्हणणारे सभासद आहेत. विनानोंदणीचा पक्षी तुम्ही कायद्याने कुणालाही देऊ शकत नाही, म्हणजे तुम्ही त्याला स्वतःसोबत अडकवून ठेवले आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्याचे काय होईल, हे एकदा घरच्यांसमोर बसून बोला. घरी देशी पोपट असेल, मग त्याचा रंग म्युटेशनने निळा का असेना, जात तीच राहते आणि तो बाळगणे गुन्हाच आहे. त्याच्याबाबत या अंकात काही सुचवण्यासारखे नाही, वनविभागाशी बोला.

पक्षी कमी करण्याची सुरुवात आधी उत्पादन थांबवण्यापासून होते, द्यायचे कुणाला हे नंतर. बॉक्स आणि मटकी काढा. अंडी दिसली म्हणून उचलून टाकू नका. मादी पुन्हा घालते, कॅल्शियम संपते आणि अंडे अडकून मरते. अंडी उकळून, गार करून परत ठेवा किंवा नकली ठेवा. ती कंटाळून उठेपर्यंत, कनूरच्या बाबतीत साधारण साडेतीन आठवडे, बसू द्या. एगफूड आणि भिजवलेले मोड थांबवा. घरातल्या पिंजऱ्यांवर रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असते, ती सातला बंद करा. दिवस लांबला असे वाटले की पक्षी जोडीला लागतो.

मग कोण जाणार? इथे आपले बहुतेक लोक उलटे वागतात. म्हातारा, पिसे उपटणारा, एका पायाने अधू असा पक्षी आधी देऊन टाकतात आणि तरुण जोड्या ठेवतात. कोथरूडच्या एका गॅलरीत आम्ही असा कनूर पाहिला. छाती पूर्ण उघडी, डोके फक्त शाबूत, चोच जाईल तिथवरचे प्रत्येक पीस उपटलेले. दोन वर्षांत तो चार घरे फिरला होता. तीन मजली पिंजऱ्यांच्या सगळ्यात खालच्या खणात तो होता, वरच्यांचे फोलपट आणि विष्ठा त्याच्या जाळीवर पडत होती, आणि माणूस वाकला की तो मागच्या कोपऱ्यात सरकत होता. अशा पक्ष्याला पाचवे घर शोधू नका. तो तुमच्याकडे राहील, मोठा पिंजरा आणि वरची जागा मिळवून. द्यायचे ते तरुण, निरोगी, माणसाळलेले पक्षी, कारण त्यांना घर मिळते. बांधलेली जोडी फोडायची नाही. देण्याआधी पीबीएफडी या चोच-पिसांच्या विषाणूजन्य रोगाची चाचणी, आणि घेणाऱ्याने किमान महिनाभर वेगळे ठेवणे, यात सूट नाही. आफ्रिकन ग्रे चाळीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो, तेव्हा साठीच्या पालकाने त्याच्या पुढच्या सांभाळाची तजवीज आजच लेखी करावी.

आणि पक्षी सोडून देणे हा पर्याय नाही. ‘मोकळा केला’ असे म्हणणाऱ्याने त्याला कावळ्याच्या, घारीच्या आणि भुकेच्या हवाली केलेले असते. तो आजारी असेल तर आपल्या रानपोपटांमध्ये विषाणू सोडल्याचे पापही माथी येते. असे करणाऱ्याला आमच्या दृष्टीने पक्षीपालक म्हणवून घेण्याचा हक्क नाही.

कमी पक्षी म्हणजे कमी हौस असे मानू नका. चाळीस पक्षी असताना सकाळी फक्त भांडी बदलली जातात. आठ असले की कोण कमी खातो आहे, कुणाची विष्ठा पातळ झाली आहे, कोण शेपूट हलवत श्वास घेतो आहे, हे दिसते. कॉकाटील आणि ग्रेच्या पिसांची भुकटी हवेत कमी उडते. जुना, न हटणारा खोकला असलेल्या सभासदांनी फुप्फुसांच्या डॉक्टरांना आपण पक्षी पाळतो हे आवर्जून सांगावे.

पुढच्या अंकापासून ‘घर हवे आहे’ हे सदर सुरू करत आहोत. द्यायचा असेल त्याने पक्ष्याची जात, वय, रिंग क्रमांक, अनुसूचीतली जात असल्यास नोंदणी क्रमांक, आणि तो माणसात कसा वागतो हे चार ओळींत खरेखरे लिहून पाठवावे. घेणाऱ्याने आपल्याकडे किती जागा आहे, घरात दिवसभर कोण असते, आणि सध्या किती पक्षी आहेत ते कळवावे. जाहिरातीचे पैसे नाहीत, पक्ष्याची किंमत छापली जाणार नाही, आणि जोडीतल्या एकट्या पक्ष्याचे नाव घेतले जाणार नाही. ज्यांना वर मांडलेल्या तीन मागण्यांवर सही करायची आहे, त्यांनी त्याच पाकिटात स्वतंत्र कागदावर नाव, गाव आणि सही पाठवावी. ते सारे कागद एकत्र करून आम्ही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात देणार आहोत. पाकिटे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हाती यावीत.