दोन टीव्ही, एक छत्री

पिकाचा पैसा हाती आला की घरात एखादी नवी वस्तू येते. हल्ली बऱ्याच घरी दुसरा टीव्ही येतो. पहिला बाहेरच्या खोलीत, पुरुषमाणसांच्या ताब्यात. दुसरा माजघरात. मग प्रश्न पडतो की बॉक्स कोणता घ्यावा? दुकानदार वाहिन्यांचा आकडा सांगतो. आपण मात्र आधी वेगळीच गोष्ट ठरवावी. एकाच वेळी दोन टीव्हींवर दोन निराळे कार्यक्रम लागणार आहेत का?

आमच्या घरी हे कुणी विचारलेच नाही. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या आतल्या खोलीत खाटेला खिळल्या. त्यांच्यासाठी लहान टीव्ही आणला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दुसरा बॉक्स कशाला? आहे त्यातूनच वायर काढून देतो." खर्च वाचला म्हणून आम्हीही खूश. बाहेरचा टीव्ही एचडीएमआयच्या वायरीवर, आतला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर. चित्र दोन्हीकडे आले. पण बॉक्स एक म्हणजे कार्यक्रमही एकच. सासूबाई कीर्तन ऐकत असायच्या, बाहेर नातू क्रिकेट लावायचा, की आत अभंग अर्ध्यावर तुटून चेंडू-फळी सुरू. रिमोटही बाहेरच. एक दिवस त्या म्हणाल्या, "सूनबाई, हा बंदच कर. घरात माझं काही चालत नाही, हे रोज कशाला बघू?" ते बोलणे मला फार लागले.

तेव्हा दोन कार्यक्रम हवे असतील तर दोन बॉक्स हवेत. छत्री मात्र एकच पुरते. छत्रीच्या पुढे दांडीवर जो भाग असतो, त्याला एलएनबी म्हणतात. बॉक्स त्याच वायरीतून वर 13 किंवा 18 व्होल्ट वीज पाठवतो आणि उभ्या लहरी हव्यात की आडव्या, ते सांगतो. एका वायरीला फाटा फोडून दोन बॉक्स बसवले, तर एक म्हणतो उभ्या, दुसरा म्हणतो आडव्या, आणि एकाचे चित्र जाते. म्हणून दोन तोंडांचा एलएनबी लावून घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला वरून स्वतंत्र वायर आणावी. वायरीला मध्येच जोड नको. जोडात पावसाचे पाणी शिरते आणि आपण उगाच बॉक्सला नावे ठेवतो.

आता पैशाचे. दरमहा पैसे भरायच्या डिशवर दुसरा बॉक्स घेतला की त्याचेही वेगळे पैसे पडतात. 2020 साली दूरसंचार नियामकाने दुसऱ्या टीव्हीच्या नेटवर्क शुल्काला पहिल्याच्या 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2024 साली या शुल्कावरच्या मर्यादा उठल्या. म्हणून दुसऱ्या बॉक्सचे महिन्याला किती, आणि त्यावर वेगळ्या वाहिन्या निवडता येतील का, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. दुधाच्या पैशातून रिचार्ज करणाऱ्या घराला महिना फार लवकर येतो.

दुसरा मार्ग दूरदर्शनच्या फ्री डिशचा. ही सेवा डिसेंबर 2004 पासून आहे. एकदा साहित्य घेतले की महिन्याचे काही नाही. सह्याद्री आणि 2015 साली सुरू झालेली किसान वाहिनी त्यावर दिसते. खासगी वाहिन्या तिथे लिलावाने जागा घेतात, त्यामुळे तुमची आवडती मालिका मिळेलच असे धरू नका. बॉक्स एमपेग-4 चाच मागा, जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. नव्या टीव्हीच्या पाठीमागे सॅटेलाइटची वायर लावायची जागा आहे का, तेही पाहा. काही टीव्हींत ती सोय आतच असते. मग फ्री डिशला बॉक्सही लागत नाही.

आम्ही शेवटी हेच केले. बाहेर पैशाची डिश, आत फ्री डिश. दोन्हींचे उपग्रह वेगळे, म्हणून इथे मात्र छत्र्या दोन लागल्या. फ्री डिशच्या उपग्रहासाठी छत्रीचे तोंड आपल्याकडून आग्नेयेला असते. त्या बाजूला आंब्याची फांदी येत होती, ती छाटावी लागली. यजमानांना वाईट वाटले, पण फांदी पुन्हा फुटेल. जोराच्या पावसात चित्र थांबते, त्याला इलाज नाही. वीज कडाडू लागली तर मात्र बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर, दोन्ही काढून ठेवतो.

सासूबाईंना रिमोटवरची बटने दिसेनात. मी तीनच बटनांवर लाल नखपॉलिशचे ठिपके दिले: चालू-बंद, पुढे आणि मागे. आवाज त्यांना मोठाच लागतो, तो बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. नातवाने एकदा कुरकुर केली, तर आतून उत्तर आले, "तुझा तू बघ, माझा मी बघते!"