उभी गाडी आडवी का होते?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांपलीकडे फारसे जात नाही. आज थोडी वाट सोडून लिहीत आहोत. परंतु विषय उसाच्या बिलाशीच जोडलेला आहे. बिल बँकेत जमा झाले की गटागटांतून नव्या मोटारसायकली दिसू लागतात. हँडलला हार, नंबर प्लेटखाली लिंबू-मिरची, गट ऑफिसात पेढे. पेढे आम्हीही खातो. आणि पंधरा दिवसांत तीच गाडी पुन्हा दारात येते तेव्हा क्लचचा लिव्हर वाकलेला, इंडिकेटर फुटलेला आणि पोराच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका. विचारावे तर, "काय नाय साहेब, जरा आडवी झाली," एवढेच उत्तर. जणू गाडीनेच ठरवले!

चावी देताना प्रत्येक बाप पोराला एकच गोष्ट सांगतो: "हळू चालव." सल्ला योग्यच आहे, वेगाने माणसे मरतात हे आम्ही नाकारीत नाही. पण नवशिक्याची गाडी आडवी होते ती बहुधा हळू चालवतानाच. चाके फिरत असतात तोवर गाडी आपला तोल बरीचशी आपणच सांभाळते. वेग माणसाच्या चालीइतका उतरला की तोल चालवणाराला सांभाळावा लागतो, आणि ते त्याला कुणी शिकवलेलेच नसते. म्हणून गाडी पडते ती वळवून घेताना, गेटातून बाहेर निघताना, बांधावर थांबताना, काट्यापुढच्या रांगेत आणि बऱ्याचदा नुसती उभी असताना.

यामागचे कारण समजून घ्यावे. गाडी सरळ उभी असली की सगळा भार चाकांवरून जमिनीत जातो. दोन बोटांनी धरली तरी राहते. कलली की थोडा भार अंगावर येतो, आणखी कलली की आणखी. एका मर्यादेपलीकडे ती पैलवानालाही आवरत नाही. १०० सीसीची साधी गाडी म्हटले तरी सुमारे ११० किलोची, म्हणजे युरियाची ४५ किलोची जवळजवळ अडीच पोती. ३५० सीसीची दणकट गाडी १९० किलोंच्या आसपास जाते, ती चार पोत्यांच्या वर झाली. तेव्हा अंगात जोर आहे म्हणून गाडी सावरेल, हा समज पोरांनी सोडावा. ती कलूच द्यायची नाही, हा खरा उपाय. आणि कललीच पुरती, तर सोडून द्यावी आणि पाय बाहेर काढून घ्यावा. आरसा बाजारात मिळतो.

सगळ्यांत जास्त गाड्या आडव्या करतो तो पुढचा ब्रेक. हँडल वळलेले, गाडी रांगत चाललेली, समोर कुत्रे किंवा म्हैस आली आणि पोराने उजवी मूठ आवळली, की पुढचे शॉकअप खाली बसते, चाक जागीच धरते आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला पडते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत. हा अनुभव ऐकीव नाही. पदविका घेऊन नोकरीला लागल्यावर पहिल्याच हंगामात आम्ही ऊस नोंदीला निघालो होतो. पाटाच्या भरावावर एका सभासदाने हाक मारली, आम्ही हँडल त्यांच्याकडे वळवून ऐटीत पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी, नोंदवही व आम्ही असे तिघेही पाटात! त्या गटाच्या सगळ्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या आणि "साहेब पोहायला शिकले का?" हे पुढे दोन हंगाम ऐकावे लागले.

तेव्हा चालीच्या वेगात, वळताना, मुरमावर आणि ओल्यावर पायातला ब्रेक, तोही हलकाच. आणि पूर्ण थांबण्याआधी हँडल सरळ. २०१९ पासून आलेल्या लहान गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना जोडब्रेक असतो, म्हणजे पायातला ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा लागतो. म्हणून तोही ठोकून दाबू नये. याचा अर्थ पुढचा ब्रेक विसरावा असा मात्र कुणी काढू नये. सरळ रस्त्यावर वेगात असताना गाडी थांबवण्याचे मोठे काम तोच करतो. तिथे दोन्ही ब्रेक, दाब वाढवत वाढवत.

दुसरे कारण क्लच. वळता वळता क्लच एकदम सुटला, रेस कमी पडली, की गचका बसून गाडी बंद पडते. आणि वळणात बंद पडलेली गाडी उभी राहत नाही. हाफ क्लच, थोडी रेस आणि मागच्या ब्रेकचा किंचित आधार, या तिघांचा मेळ बसला की गाडी गोगलगाईच्या चालीनेही सरळ जाते. नजर मात्र पुढे हवी. पुढच्या चाकाकडे पाहणारा त्या चाकापाशीच पडतो. जिकडे जायचे तिकडे मान वळवावी, हँडल आपोआप मागे येते.

थांबताना उजवा पाय ब्रेकवर आणि डावा जमिनीवर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जमीन कुठली? आपल्याकडे बांधाची कड ढासळती, चारी गवताने झाकलेली, डांबरावर पाचट पसरलेले आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल अर्ध्या रस्त्यावर. पाय टेकायच्या आधी जागा बघावी. खळग्यावर पाय गेला की चार बोटांचा फरक पडतो आणि तेवढ्यात गाडी हातची जाते. म्हणूनच गाडी घेताना पोराला तीवर बसवून दोन्ही टाचा टेकतात का, हे पाहावे. मित्राकडे जड गाडी आहे म्हणून आपल्याकडेही हवी, हा हट्ट निदान पहिली दोन वर्षे पुरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही सभासदांना ते रुचणार नाही.

स्टँडचेही तसेच. पाणी दिलेल्या रानाच्या कडेला साइड स्टँडवर गाडी लावून आपण आत जातो, स्टँड हळूहळू रुततो आणि परत यावे तो गाडी सरीत झोपलेली. खाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा द्यावा, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी. पोते बांधायचे किंवा दुधाचे कॅन अडकवायचे असतील तर डबल स्टँडच लावावा. पहिला महिनाभर नवशिक्याने पोतेही नेऊ नये आणि मागे माणूसही बसवू नये. मागे भार पडला की हँडल हलके होते आणि सारा तोल बदलतो. लेकी-सुना आता स्कूटर चालवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एक सांगणे: इंजिन चालू ठेवून स्कूटर ढकलू नये. ढकलताना उजवी मूठ नकळत पिळली जाते आणि गाडी उडी घेते.

"पडल्याशिवाय येत नाही," असे जुने लोक म्हणतात. सायकलपुरते ते खरे होते. गुडघा फुटायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल. पण हंगामात आपला रस्ता कसा असतो ते आठवा. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या, ट्रक. मागे एका हंगामात काट्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक पोरगा ट्रॉलीला अगदी खेटून हळूहळू निघाला होता. क्लच सुटला, गाडी बंद पडली आणि ट्रॉलीच्याच बाजूला आडवी झाली. ड्रायव्हर सावध होता. चाक पोराच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबले. ते दृश्य आम्ही समोर उभे राहून पाहिले आहे. वेग काय होता? माणूस चालतो तेवढाच! म्हणून ट्रॉलीच्या बाजूने रांगत जाऊ नये. मागे थांबावे, मोकळी जागा दिसली तरच पुढे निघावे.

खोंड गाडीला धरताना आपण काय करतो? आधी रिकामी गाडी, शेजारी जुना सरावाचा बैल आणि मोकळे रान. भरलेल्या गाडीला पहिल्या दिवशी खोंड कुणी जुंपीत नाही. पोराला मात्र शोरूममधून थेट हायवेवर सोडतो. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. हे दिवस शिकण्यासाठीच दिलेले आहेत. ऊस तुटून गेलेल्या, चांगल्या दबलेल्या रानात किंवा खळ्यावर रोज अर्धा तास डावीकडे-उजवीकडे वळसे, थांबणे, निघणे, उतारावर थांबणे एवढेच करवावे. जाणत्या माणसाने शेजारी उभे राहावे. आणि १८ वर्षे पुरी नसतील तर गिअरची गाडी द्यायचीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढे करूनही पडलीच, तर आधी चावी बंद करावी आणि पेट्रोल गळते का ते पाहावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड काढून ठेवावा, नाहीतर उभी करता करता ती दुसऱ्या अंगाला जाते. कंबरेत वाकून ओढू नये. सीटला पाठ लावून पायांच्या जोराने मागे रेटावी. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या अंगाला असतो, त्याला हात लावू नये.

लागण मेळाव्याला येणाऱ्या सभासदांनी शिकाऊ परवाना काढलेल्या मुलामुलींना बरोबर आणावे. मेळाव्याआधी तासभर गट ऑफिसमागच्या, टायरगाड्या सोडतात त्या मोकळ्या जागेत आम्ही आणि आमचे दोन स्लिप बॉय वळसे घालून दाखवू. हेल्मेट आणि पायात बूट हवेत, चप्पल नको. स्टँडखाली ठेवायला फरशीचा तुकडाही आणावा; तिथली जमीन अजून ओली आहे.